कंपायलरचें मौन

मौन हें संमतीचें लक्षण, असें आपण म्हणतों. संगणकाच्या कामांत मात्र हें वचन फसवें ठरतें, असें माझें मत आहे. व प्रोग्राम लिहूं लागलेल्या विद्यार्थ्यांपुढें आणि त्यांच्या पालकांपुढें तें मांडण्याचें येथें योजिलें आहे.

माणसानें लिहिलेला प्रोग्राम यंत्राच्या भाषेंत उतरविणाऱ्या दुभाष्यास कंपायलर म्हणतात. असे दुभाषी अनेक आहेत, व प्रत्येकाच्या ज्ञानाची मर्यादा निराळी. म्हणून एका यंत्रणेवर सुखानें चालणारा प्रोग्राम दुसरीकडे नेतांच अडखळतो. ध्वनि व चलच्चित्रें हाताळणारें एफएफएमपेग हें खुल्या स्रोताचें सॉफ्टवेअर फाब्रिस बेलार यांनीं २००० सालीं सुरू केलें. तें सी भाषेच्या १९९९ च्या प्रमाणास अनुसरून लिहिलें जात असे. पण त्या प्रमाणांतील पुष्कळ गोष्टी मायक्रोसॉफ्टच्या व्हिज्युअल सी कंपायलरास २०१३ च्या आवृत्तीपर्यंत ठाऊक नव्हत्या. तोंवर नवी सी जुन्या सींत उतरविणारा आणखी एक प्रोग्राम मध्यें घालावा लागे.

अशा अडचणींत घाईचा मनुष्य काय करितो? एसएनप्रिंटएफ हें फंक्शन घ्या. नेमून दिलेल्या जागेंत मजकूर लिहावा, न मावल्यास तोडावा, पण शेवटीं अंताची खूण म्हणून शून्य ठेवावेंच, असा त्याचा नियम. व्हिज्युअल सीमध्यें २०१५ च्या आवृत्तीपूर्वीं तें नव्हतें. नांवाच्या आरंभीं अधोरेषा असलेलें दुसरें होतें. एका ओळींत हें नांव त्यास जोडून दिलें कीं कंपायलर गप्प बसे. परंतु मजकूर मावला नाहीं, तर हें दुसरें फंक्शन अंताची खूण ठेवीत नसे. मग वाचणारा भाग आपली हद्द ओलांडून परक्या मेमरींत वाचीत जाई, आणि एखाद्या लांब नांवाच्या फाइलीनें सारा प्रोग्राम कोसळण्याची पाळी येई. चूक गेली नव्हती. तिची वाचा तेवढी बंद झाली होती.

एफएफएमपेगच्या कर्त्यांनीं हा मार्ग धरिला नाहीं. प्रमाणाचा नियम पाळणारें फंक्शन त्यांनीं स्वतः लिहिलें, निराळ्या फोल्डरांत ठेविलें, व जेथें उणीव होती तेथेंच जोडिलें.

कोणी म्हणेल, मुदत उद्यांची असतां इतका विचार कोणीं करावा? ही अडचण खरी आहे. तर मग दुरुस्ती तात्पुरती आहे, एवढी टीप तरी तेथें लिहून ठेवावी, आणि सवड होतांच खरी दुरुस्ती करून मूळ कर्त्यांकडे पाठवावी. तेथें ती जाणत्यांच्या नजरेखालून जाते, व स्वीकारली गेल्यास सर्वांच्या उपयोगी पडते. आपल्याच खणांत ठेविली, तर प्रत्येक नव्या आवृत्तीस तेंच काम पुन्हां करणें आलें.

पालकांसहि एक विनंति आहे. मुलानें आपला प्रोग्राम दाखविला, म्हणजे ‘चालला का?’ एवढेंच विचारून थांबूं नये. ‘चालला तो कशामुळें?’ हेंहि विचारावें. उत्तर देतां आलें नाहीं, तर काम अजून पुरें झालेलें नाहीं, असें समजावें.