आधी तार मोजा!

शिवारात मोटार जळली की शेतकऱ्यालाच ऐकवले जाते, ‘मोटार हलकी घेतलीत.’ आमचे म्हणणे आहे, आधी तार मोजा.

तारेचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, चार गोष्टींवर ठरतो. लांबी दुप्पट, तर रोध दुप्पट. व्यास निम्मा, तर रोध चौपट. त्याच मापाच्या ॲल्युमिनियमच्या तारेचा रोध तांब्याच्या दीडपटीहून अधिक. आणि तार २५ अंशांनी तापली की तो सुमारे १० टक्के आणखी वाढतो.

ठाण्यात माजिवड्याच्या टोलेजंग इमारतींना डीपी जवळच मिळते. आपल्याकडे डीपी एकीकडे, विहीर कोसभर दूर आणि मधे बारीक, जागोजाग जोडलेली तार. ४१५ व्होल्टमधले कितीतरी वाटेतच जिरतात. दाब पडला की भरावरची मोटार जास्त करंट ओढते, तापते आणि जळते.

उपाय सरकारला ठाऊक आहे. २०१८ साली उच्चदाब वितरणाची योजना आली : ११,००० व्होल्टची लाइन विहिरीजवळ न्यायची, तिथे एक-दोन पंपांना एक डीपी द्यायची. तेवढीच शक्ती वाहायला त्या लाइनवर ४१५ व्होल्टच्या सव्विसाव्या हिश्शाइतकाच करंट पुरतो. मग नासाडी कुठली?

२०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना वीज मोफत झाली. पण बिल माफ झाले म्हणून रिवाइंडिंगचा खर्च टळत नाही. आम्हाला फुकट नको, पुऱ्या दाबाची वीज हवी.

पुढच्या बैठकीला प्रत्येकाने डीपीपासूनचे अंतर आणि मोटार चालू असतानाचे स्टार्टरवरचे व्होल्टेज लिहून आणावे. आकडे हाती असले, की ‘मोटार हलकी’ म्हणणाऱ्याला उत्तर देता येईल.