सापाची भूक आणि आपला आग्रह



नववीच्या काही विद्यार्थ्यांनी सूचना-पेटीत चिठ्ठी टाकली आहे की, शाळेच्या विज्ञान कक्षात एक ‘बॉल पायथन’ पाळावा. सूचना चांगल्या मनाने केलेली आहे, म्हणून तिचे उत्तर सर्वांसमोर देत आहे. माझे स्पष्ट मत आहे की पाळू नये. याचे कारण भीती नव्हे. कारण आहे सापाचे जेवण.

बॉल पायथन हा पश्चिम व मध्य आफ्रिकेतील लहान जातीचा अजगर. घाबरला की अंगाचा चेंडू करून डोके आत लपवतो, म्हणून हे नाव. स्वभाव शांत, म्हणून जगभर पाळला जातो. पण पाळणाऱ्यांची एक तक्रार सगळीकडे सारखीच असते, ती म्हणजे तो जेवत नाही. उंदीर समोर ठेवला तरी आठवडेच काय, कधी महिनोन्महिने तोंड लावत नाही.

यात बहुतेक वेळा काळजीचे कारण नसते. आपल्या अन्नाचा मोठा भाग शरीर गरम ठेवण्यात खर्च होतो. साप ऊब बाहेरून घेतो, त्यामुळे त्याचा खर्च फार कमी. पूर्ण वाढलेल्या बॉल पायथनला दोन-तीन आठवड्यांतून एक भक्ष्य पुरते. थंडीत आणि प्रजननाच्या काळात तो उपास करतो. कात टाकण्यापूर्वी त्याचे डोळे दुधाळ होतात, तेव्हाही सहसा खात नाही. वजन टिकून असेल तर हा आजार नव्हे.

पण कधी कधी न खाणे हीच त्याची तक्रार असते. पेटीत ३०-३२ अंशांचा उबदार कोपरा नसेल, लपायला जागा नसेल, येणारा-जाणारा रोज हातात घेत असेल, तर तो अन्न सोडतो. तोंडातील जखम, जंत किंवा फुफ्फुसाचा संसर्ग यांनीही भूक जाते. वजन घटू लागले किंवा तो तोंड उघडे ठेवून श्वास घेऊ लागला, तर सापांची माहिती असलेल्या पशुवैद्याकडेच न्यावे लागते.

आणि माणूस काय करतो? जबडा उघडून घास कोंबतो. साप जखमी होतो किंवा खाल्लेले ओकून टाकतो. काही जण जिवंत उंदीर रात्रभर पेटीत सोडतात. मग उंदीरच सापाला कुरतडतो. अजगराला खाणे हे किती मोठे काम आहे, ते पाहा. बर्मी अजगरावरील २००५ सालच्या एका संशोधनात असे आढळले की, जेवणानंतर दोन दिवसांत त्याच्या हृदयाच्या मुख्य कप्प्याचे वजन सुमारे ४० टक्क्यांनी वाढते. एवढी तयारी शरीराला परवडत नसेल तेव्हा तो नको म्हणतो. ते ऐकले पाहिजे.

आपल्या इंदूरला जानेवारीत रात्री पारा १० अंशांच्या खाली उतरतो. दिवाळीच्या सुट्टीत शाळा बंद असते. तेव्हा पेटी गरम आहे की नाही, कोण पाहणार? शिवाय आपल्याकडचा कोणताही साप, अगदी धामणसुद्धा, पकडणे वा पाळणे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. बॉल पायथनसारख्या परदेशी जातींचीही २०२२ च्या दुरुस्तीनंतर सरकारदरबारी नोंदणी करावी लागते.

आता थोडे आपल्या घराविषयी. पंक्तीत आग्रह करून वाढणे हा आपल्या मराठी घरांचा संस्कार. पण हाच आग्रह नागपंचमीला टोपलीतल्या नागापुढे दुधाची वाटी होऊन येतो. साप दूध पचवू शकत नाही. तो ते पितो, कारण गारुड्याने, म्हणजे आपल्या इथल्या सपेऱ्याने, त्याला कित्येक दिवस तहानलेला ठेवलेले असते. अनेकदा त्याचे दातही काढलेले असतात. दूध फुफ्फुसात गेले की न्यूमोनिया होतो. आपल्याला पुण्य मिळाल्याचे समाधान, आणि त्याचा जीव जातो.

काही आजी-आजोबा म्हणतील, परंपरा कशी सोडायची? ती सोडायचीच नाही. आपल्या घरी पाटावर गंधाने नाग काढतात, लाह्या-दुधाचा नैवेद्य दाखवतात, त्या दिवशी चिरत नाहीत, जमीन खणत नाहीत. जिवंत सापाला इजा होऊ नये, ही काळजी परंपरेतच आहे. उज्जैनला महाकाल मंदिरातील नागचंद्रेश्वराचे दार वर्षातून त्या एकाच दिवशी उघडते. तिथेही लोक मूर्तीचेच दर्शन घेतात. सपेऱ्यालाही पोट आहे, हे खरे. त्याला जेवू घालावे, धान्य द्यावे. पण टोपली उघडायला पैसे देऊ नयेत.

म्हणून माझ्या दोन विनंत्या आहेत. पालकांनी यंदा नागपंचमीला शाळेच्या फाटकाशी टोपलीवाल्याला पैसे देऊ नयेत. आणि विश्वस्तांनी पेटीसाठी लागणाऱ्या खर्चातून नववीच्या मुलांना कमला नेहरू प्राणिसंग्रहालयातील सर्पगृह दाखवण्याची व्यवस्था करावी. तिथे मुलांनी रखवालदाराला अवश्य विचारावे की, साप जेवला नाही तर तुम्ही काय करता?