अक्षर मोठे झाले, डोळ्यांचे काय?

चाळिशी उलटली की वर्तमानपत्र लांब धरावे लागते. माझे कित्येक वयस्क रुग्ण आता रोजचा अंक टॅबवर वाचतात. दोन बोटांनी अक्षर हवे तेवढे मोठे होते. सोय चांगली आहे. पडद्याने दृष्टी जाते, ही भीती निराधार आहे. मात्र पापण्या कमी लवल्याने डोळे कोरडे होऊन चुरचुरतात. दर २० मिनिटांनी थोडा वेळ लांब पाहावे.

खरा धोका वेगळाच. अक्षर मोठे करत गेल्यास वाढता मोतीबिंदू ध्यानात येत नाही. काचबिंदूत तर बराच काळ वाचता येते, पण गेलेली दृष्टी परत येत नाही. म्हणून वाचकहो, चाळिशीनंतर डोळे नियमित तपासून घ्या, मधुमेहींनी दरवर्षी. वाचता येते म्हणजे डोळे निरोगी, असे समजू नका.