कुलगुरूंचं प्रगतिपुस्तक कोण भरणार?

आमच्या भाटघरच्या बचत गटाची एक रीत आहे. वर्षअखेरीला हिशेबाची वही वाचून झाली, की अध्यक्षबाईंनी बाहेर ओसरीवर जाऊन बसायचं. आत बाकीच्या बायका तिच्या कामाविषयी मोकळेपणी बोलतात. दोन वर्षांपूर्वी ओसरीवर मी होते. डोळे धरणाच्या भिंतीकडे, पण कान आतच! नंतर आत बोलावलं आणि एका धाकट्या सुनेनं सांगितलं, "काकू, हिशेब चोख आहे. पण कर्ज देताना तुम्ही ओळखीच्या घरांना आधी विचारता." राग आला, खोटं कशाला सांगू? रात्री वही उघडून पाहिली. पोरगी खरं बोलत होती.

हे आठवायला कारण घडलं. माझ्या भाचीचा पदवीचा निकाल रखडला. विद्यापीठाचं नाव नको. निकाल लागेपर्यंत बी.एड.च्या प्रवेशाची तारीख गेली, वर्ष वाया गेलं. घरात सगळे म्हणाले, नशीब! मला मात्र प्रश्न पडला, तिचं वर्ष गेलं ही गोष्ट कुणाच्या प्रगतिपुस्तकात लिहिली गेली?

मी साधी बी.ए. झालेली गृहिणी. पण चिकाटीनं महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, 2016 वाचला. कुलगुरूंना नेमतात कुलपती, म्हणजे राज्यपाल. समिती नावं सुचवते. मुदत 5 वर्षं किंवा वयाची 65 पूर्ण होईपर्यंत, जे आधी होईल ते. कारभार पाहते व्यवस्थापन परिषद. आणि तिचे अध्यक्ष कोण? खुद्द कुलगुरू! म्हणजे जिनं ओसरीवर जायचं, तीच आत खुर्चीवर.

अधिसभेत वार्षिक अहवाल येतो, प्रश्नही विचारले जातात. 'नॅक' मूल्यांकन करते. पण ही झाली विद्यापीठाची परीक्षा. त्या माणसानं वर्षभरात काय करायचं ठरवलं होतं आणि काय केलं, हे समोर बसवून कोण विचारतं?

कुणी वेळेत विचारलं नाही, की काय होतं ते 2017 मध्ये मुंबई विद्यापीठात दिसलं. उत्तरपत्रिका संगणकावर तपासायची नवी पद्धत आणली, पण तयारी पुरी नव्हती. कायदा म्हणतो, निकाल 45 दिवसांत. तिथे महिने उलटले. शेवटी ऑक्टोबर 2017 मध्ये राज्यपालांनी कुलगुरू डॉ. संजय देशमुख यांना पदावरून दूर केलं. शिक्षा झाली, पण मुलांचे गेलेले दिवस परत आले का? दूध उतू गेल्यावर गॅस बंद करण्यातला हा प्रकार!

अमेरिकेतल्या बऱ्याच विद्यापीठांत प्रमुखाच्या वर एक विश्वस्त मंडळ असतं. वर्षाच्या सुरुवातीला उद्दिष्टं ठरतात. वर्षअखेरीला प्रमुख स्वतःच्या कामाचा लेखाजोखा लिहून देतो आणि मंडळ त्यावर त्याच्याशी बोलतं. काही वर्षांनी बाहेरचा माणूस येऊन प्राध्यापकांना, विद्यार्थ्यांनाही विचारतो. हेतू खुर्ची काढून घ्यायचा नसतो, चूक वेळेत दाखवायचा असतो.

कुणी म्हणेल, अशानं राजकारण शिरेल, कुलगुरूंना कामच करू देणार नाहीत. भीती खोटी नाही. म्हणूनच काय विचारायचं ते आधी लेखी ठरावं. निकाल किती दिवसांत लागले? प्राध्यापकांच्या किती जागा भरल्या? मुलींच्या वसतिगृहाचं काय झालं? तक्रारी किती दिवसांत मिटल्या? एवढंच विचारावं, आणि कुलगुरू ज्या बैठकीचे अध्यक्ष नाहीत अशा बैठकीत विचारावं. उत्तरं सगळ्यांना वाचायला मिळावीत.

मैत्रिणींनो, हे पुण्या-मुंबईच्या मोठ्या माणसांचं काम, असं म्हणू नका. भोरच्या कॉलेजात शिकणाऱ्या आपल्या लेकीबाळींचे निकाल पुण्याच्याच विद्यापीठातून येतात. 2014 पासून त्या विद्यापीठाला सावित्रीबाईंचं नाव आहे. अधिसभेत नोंदणीकृत पदवीधरांनी निवडून द्यायच्या 10 जागा असतात. त्यासाठी नाव नोंदवावं लागतं. आपल्यातल्या कितीजणींनी नोंदवलंय? पदवीचं प्रमाणपत्र ट्रंकेत साड्यांखाली आणि मत कुणाच्या तरी खिशात, असं किती दिवस चालायचं?

मी या खेपेला अर्ज भरणार आहे. मत मागायला येणाऱ्या प्रत्येकाला एकच विचारीन, "कुलगुरूंना वर्षातून एकदा ओसरीवर बसवाल का?"