निमित्तं संपली, येणं संपलं

सणाच्या दिवशी सकाळी फोन उघडावा तर शुभेच्छांचा पूर आलेला असतो. दसऱ्याला आपट्याच्या पानांची चित्रं, संक्रांतीला तिळगुळाची. एकाकडून आलेलं चित्र दुसऱ्याकडे जातं, आणि दिवसभर दारावरची बेल मात्र वाजत नाही.

पूर्वी दसऱ्याच्या संध्याकाळी सीमोल्लंघन झालं की आपट्याची पानं घेऊन आम्ही घरोघर जायचो. थोरांच्या हातात सोनं द्यायचं, वाकून नमस्कार करायचा, हातावर पडेल ते खायचं. पान हे निमित्त. त्या निमित्ताने माणूस उंबरठ्याच्या आत यायचा आणि आत आल्यावर त्याला दिसायचं, की आजोबांचा पाय सुजलाय, स्वयंपाकघरातला दिवा गेलाय, गोळ्यांची पट्टी संपत आलीय. कुणी काही न सांगता कळायचं. फोनवरून शुभेच्छा अगदी वेळेवर पोचतात. हे एवढं पोचत नाही.

आमच्या सोसायटीत एक काकू एकट्या राहतात. परवा पाण्याच्या वेळा विचारायला त्यांच्याकडे गेले, तर त्या चष्मा लावून नातेवाइकांच्या ग्रुपवर प्रत्येकाला वेगवेगळं ‘धन्यवाद’ लिहीत बसल्या होत्या. वाढदिवस होता. स्क्रीनवर केक, फुलं, जोडलेले हात यांची रांग लागलेली. मी निघाले तशी त्यांनी गुलाबजामची वाटी हातात दिली. म्हणाल्या, “कुणी आलंच तर घरात असावेत म्हणून केले होते गं.” ग्रुपवरचे निम्मे लोक याच शहरातले.

त्यांचा मुलगा परदेशात असतो. त्याचा रोजचा व्हिडिओ कॉल हा त्यांचा मोठा आधार आहे, आणि त्यासाठी या यंत्राचे आभारच मानायला हवेत. दूरच्याला त्याने जवळ आणलं. पण जवळच्यांनीही दूर राहणाऱ्यांसारखंच वागायला सुरुवात केली, तिथे सगळं बिघडलं.

हे फक्त म्हाताऱ्या माणसांचं दुखणं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार जगात दर सहा माणसांमागे एकाला एकटेपणा जाणवतो, आणि तरुणांत तर हे प्रमाण जास्तच आहे. ब्रिटनने २०१८ मध्ये आणि जपानने २०२१ मध्ये या प्रश्नासाठी मंत्र्यावर जबाबदारी सोपवली. तरुणांच्या बाबतीतही मला जवळच्यांचं तेच दूरच्यांसारखं वागणं दिसतं. मैत्रीण कुठे फिरून आली, काय खाल्लं, कुणाबरोबर होती, सगळं आधीच पाहिलेलं असतं. ‘कशी झाली गं ट्रिप?’ असं विचारायला काही उरतच नाही. फोटोला लाइक दिलं की भेटल्यासारखं वाटतं, आणि त्या फोटोनंतरच्या रात्री ती रडली का, हे कुणालाच कळत नाही. खबर सगळ्यांना असते, विचारपूस कुणी करत नाही.

फोन फेकून द्या, असं मी म्हणणार नाही. पण एक नियम आपण सगळ्यांनीच पाळण्यासारखा आहे. ज्यांच्या घरी रिक्षाने जाता येतं, त्यांना शुभेच्छांचं चित्र पाठवू नये. स्वतः जावं. जमलंच नाही तर निदान फोन करून बोलावं, आणि ‘कशी आहेस?’ विचारल्यावर उत्तर पूर्ण होईपर्यंत थांबावं.

त्यासाठी वेळ लागेल. माणसं जोडायला तो पूर्वीही लागतच होता.