कोठडीतलं पत्र

पोस्टमन या गृहस्थाबद्दल मी आयुष्यात पुष्कळ तक्रारी केल्या. तो उशिरा येतो, शेजाऱ्यांची पत्रं आमच्या दारात टाकतो आणि दिवाळीची पोस्त मागायला तेवढा वेळेवर येतो. आज त्या सगळ्या तक्रारी मी जाहीरपणे मागे घेतो. कारण काही झालं तरी, 'हे पत्र मला जरा संशयास्पद वाटलं, म्हणून गुपचूप तुमच्या माळ्यावर टाकून आलो,' असला उद्योग त्याने कधी केला नाही. हे कर्तृत्व ई-मेलचं!

झालं असं. शाळेत माझ्या बाकावर बसणारा आणि माझाच डबा खाणारा एक मित्र हल्ली कॅनडात असतो. तो पुण्याला आला. येण्याआधी त्याने मेल केला, 'दोनच दिवस आहे. भेटायचंच. ताबडतोब कळव!' उत्तराची वाट पाहिली आणि बिचारा परत गेला. बावीस दिवसांनी विजेच्या बिलाची पावती शोधताना मी जंक फोल्डर उघडला. तिथे एका बाजूला पंचवीस लाखांची लॉटरी, दुसऱ्या बाजूला टकलावर केस उगवणारं तेल आणि मधे हा, अंग चोरून बसलेला!

मी फोन केला. तो म्हणाला, "मला वाटलं, तुला भेटायचं नसेल. अजून त्या गोष्टीचा राग असेल."

कुठल्या गोष्टीचा, ते मला आठवेना. त्यामुळे तर जास्तच वाईट वाटलं.

आता माझं भांडण ऐका. नको ती पत्रं येतात, हे मला मान्य आहे. १९७८ च्या मे महिन्यात अमेरिकेत एका संगणक कंपनीच्या विक्रेत्याने सुमारे ४०० जणांना एकदम जाहिरात पाठवली, तेव्हापासून हा उपद्रव चालू आहे. दाराशी पहारेकरी हवाच. पण शंभर अपराधी सुटले तरी चालतील, एका निरपराध्याला शिक्षा होता कामा नये, हे न्यायाचं तत्त्व या पहारेकऱ्याला कोणी सांगितलेलं दिसत नाही. लॉटरीचं एक पत्र आत आलं, तर ते पुसायला मला एक सेकंद लागतो. मित्राचं एक पत्र अडलं, तर काय जातं ते आत्ताच सांगितलं. शिवाय ही अटक गुपचूप. पाठवणाऱ्याला पत्ता नाही, घेणाऱ्याला खबर नाही आणि तीस दिवसांनी कैदी आपोआप खलास! अहो, पोस्टात निदान 'पत्ता अपुरा' असा शिक्का मारून पाकीट परत तरी येतं.

हे सगळं मी तावातावाने भाच्याला ऐकवलं. तो कॉम्प्युटरवाला आहे. म्हणाला, "मामा, ते यंत्र तुमच्याकडूनच शिकतं. तुम्ही काय शिकवलंत?"

मग त्याने माझीच शिकवणी घेतली. चांगलं पत्र तिथे सापडलं, तर नुसतं वाचून सोडायचं नाही, 'स्पॅम नाही' हे बटण दाबायचं. ओळखीच्यांचे पत्ते संपर्क-यादीत घालायचे. फारच जवळचा असेल, तर 'याला कधीही स्पॅममध्ये टाकू नकोस' असा कायमचा नियम करून ठेवायचा. पत्रं पाठवणाऱ्या संस्थांनाही कामं आहेत. एसपीएफ म्हणजे आपल्या नावाने पत्र टाकायची परवानगी कोणत्या यंत्रांना आहे त्याची यादी, डीकेआयएम म्हणजे पाकिटावरची लाखेची मोहर आणि डीमार्क म्हणजे ही दोन्ही जुळली नाहीत तर पाकिटाचं काय करायचं त्याची सूचना. ढिगाने पत्रं पाठवणाऱ्यांना गूगल आणि याहू यांनी फेब्रुवारी २०२४ पासून ही तिन्ही सक्तीची केली आहेत. वर अशीही तंबी आहे की, हजारात तीन जणांनी 'स्पॅम' म्हणून बोट दाखवलं की पाठवणाऱ्याची पत गेलीच म्हणून समजा.

"म्हणून," भाचा म्हणाला, "ज्या पत्रांसाठी आपणच नाव नोंदवलं, त्यांचा कंटाळा आला तर नाव कमी करायचं. स्पॅमचं बटण दाबायचं नाही. आपल्या आळसापायी दुसऱ्यांची पत्रं अडतात."

इथे मी पंख्याकडे पाहू लागलो. कारण आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींच्या नोटिसांवर मी गेले वर्षभर तेच बटण दाबत होतो.

"अहो, मग त्या यंत्राला कशाला शिव्या देताय?" हिने स्वयंपाकघरातून विचारलं.

तरी माझं म्हणणं कायम आहे. पहारेकऱ्याने संशय जरूर घ्यावा, पण 'आज अमुक अमुक पकडले' एवढं तरी घरमालकाला रोज सांगावं. तोपर्यंत मी दर रविवारी कोठडीत फेरी मारतो. गेल्या रविवारी सोसायटीच्या सभेची नोटीस सापडली. सभा होऊन गेली होती आणि गैरहजेरीत मला एकमताने नवा सेक्रेटरी निवडलं होतं.

मित्र डिसेंबरात पुन्हा येतोय. त्याचा पत्ता यादीत घातला आहे, नियमही केला आहे. आणि तारीख कळवायला एक साधं पत्र पोस्टात टाक, असंही बजावलं आहे.