पागोळीचें पाणी

मृगाच्या पहिल्या सरीनें तापलेल्या मातीचा वास दरवळला, कीं घरांतील लहानथोरांस आनंद होतो. तो सुखेनैव भोगावा. परंतु त्याच वेळीं कर्त्या माणसानें विहिरीकडे एकदां पाहून यावें.

कां, तें सांगतों. भिवंडी तालुक्यांतील दिघाशीच्या परिसरांत वर्षाकाठीं दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि तो बहुतेक सगळा चार महिन्यांतच. शंभर चौरस मीटर छपरावर २५ मिलिमीटर पाऊस पडला, तर २५०० लिटर पाणी खालीं येतें. खालीं माती व गवत असेल, तर त्यांतलें बरेंच मुरतें व गाळून निघतें. अंगणास फरशी झाली, रस्ता डांबरी झाला, कीं तें मुरत नाहीं, धांवतें. आणि धांवतांना उन्हाळाभर सांचलेली धूळ, गोठ्यांतील घाण, खताचे कण व वाहनांचें तेल घेऊन ओढ्यांत अगर बिनकठड्याच्या विहिरींत शिरतें.

ही भीति काल्पनिक नव्हे. १९५५ सालीं पुरानंतर दिल्लीस यमुनेचा प्रवाह सरकला आणि नजफगड नाल्याचें घाण पाणी वझिराबादच्या जलकेंद्राकडे उलटलें. क्लोरीनची मात्रा वाढविल्यामुळें विषमज्वर वाढला नाहीं. पण सुमारें २९,००० लोकांस कावीळ झाली. ती आज ‘हिपॅटायटिस ई’ या नांवानें ओळखली जाते, व गरोदरपणाच्या अखेरच्या महिन्यांत ती प्राणघातक ठरूं शकते. पहिलटकरीण लेक श्रावणांत माहेरीं यावयाची असेल, तर बाळंतिणीच्या खोलीआधीं विहिरीची तयारी हवी.

उपाय फार खर्चाचे नाहींत. पन्हळीचें पहिल्या एकदोन सरींचें पाणी बाहेर सोडावें. मगच तें हौदांत घ्यावें. विहिरीस कठडा व भोंवतीं पक्का ओटा असावा, आणि अंगणाचा उतार तिच्यापासून दूर जावा. शौचकूप व उकिरडा उताराच्या खालच्या अंगास, दूर असावा. अंगणाचें पाणी गवताच्या पट्ट्यावरून नेऊन विहिरीपासून लांब शोषखड्ड्यांत सोडावें. वेग मंदावला, कीं गाळ बसतो, व त्याला चिकटलेली पुष्कळशी घाणही बसते. आपल्या भातखाचरांचे बांध हेंच काम करीत आले आहेत. मात्र खत टाकल्यावर लगेच खाचराचें पाणी सोडूं नये.

गढूळ पाण्यांत क्लोरीन पुरता लागूं पडत नाहीं. म्हणून पाणी आधीं निवळूं द्यावें, आणि पिण्याचें पाणी पावसाळाभर उकळूनच घ्यावें.

वडील मंडळी म्हणतील, ‘आम्हीं जन्मभर याच विहिरीचें पाणी प्यालों.’ तें खोटें नाहीं. परंतु त्या वेळीं अंगण मातीचें होतें. ज्यांनीं फरशी घातली, त्यांनींच आतां शोषखड्डाही खणावा, हें उचित.